कोरसच्या जागेवरून

दिल्लीत पानगळ मार्चच्या शेवटी होते. होळीचा रंग फरशीच्या फटींतून पुरता गेलेला नसतो आणि लक्ष्मीबाई नगरातले कडुनिंब आठवड्याभरात रिकामे होतात. सकाळी झाडूवाल्या बाई रस्त्याच्या कडेला पानांचे ढीग करतात, दुपारचा वारा ते पुन्हा रस्ताभर पसरून ठेवतो. मग त्याच फांद्यांवर तांबूस पालवी येते, आणि तिच्यामागोमाग तो बारीक पांढरा मोहर. इतक्या कडू झाडाला इतका गोड वास कसा येतो, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. काटेसावरीची जाड लाल फुलं उभ्या गाड्यांच्या टपांवर धप्प करून पडतात. बाल्कन्यांमधले कूलर उघडले जातात, त्यांच्यातलं मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत काढून नवं भरलं जातं. आणि आमच्या घरात दिवाणाखालून हार्मोनियम बाहेर येते.

यंदाही ती आली. परवा रविवारी बाबांनी तिच्यावरची जुनी चादर झटकली, भाता दोनदा दाबून पाहिला, आणि त्याच वेळी नागपूरहून मेश्राम काकूंचा फोन आला. ‘‘प्रॅक्टिस सुरू झाली का वं?’’ मी म्हटलं, आजपासून. त्यांनी विचारलं, ‘‘पुढे कोण बसून राहिलं?’’ हा प्रश्न हसण्यासारखा होता, कारण आमच्या प्रॅक्टिसमध्ये पुढे कोणी बसत नाही. कोणी बसत नव्हतं, असं म्हणायला हवं. गेल्या वर्षी याच दिवसांत मी बसले होते, आणि त्यावरून घरात बरंच काही झालं.

आमच्याकडे नुसतं ‘जयंती’ म्हटलं तरी कोणाची, ते विचारावं लागत नाही. सरकारी नोकरीमुळे विदर्भातून आणि मराठवाड्यातून इथे येऊन राहिलेली पंधरा-वीस बौद्ध कुटुंबं या कॉलनीत आणि शेजारच्या सरोजिनी नगरात आहेत. एप्रिलच्या मध्यावर पार्कात शामियाना पडतो, निळे झेंडे लागतात, आधी वंदना, मग भाषणं, मग गाणी आणि जेवण. गाणी आमचा ग्रूप गातो. प्रॅक्टिस आमच्या क्वार्टरच्या बैठकीत होते, दर रविवारी अकरा वाजता. बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत, पण या महिन्याभरात ते स्वतःला फक्त हार्मोनियमवाले समजतात. ढोलकीवर वाघमारे काका, मूळचे परभणीचे, पोस्टातले. आणि लीडला, गेल्या वर्षीपर्यंत, मेश्राम काकू, ज्यांनी इथल्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्सची नोकरी केली. बाकी सगळे कोरस.

या बैठकीचा एक अलिखित नियम आहे. आत आलेला माणूस कोरसमध्ये जातो. बहिणीला सोडायला आलेला भाऊ, पार्सल घेऊन आलेले शेजारी, गावाहून दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा, कोणीही. ‘‘या, या, मागे उभे राहा, शेवटची ओळ म्हणायची फक्त.’’ ऐकायला म्हणून कोणाला बसवलेलं मी लहानपणापासून पाहिलं नाही. हार्मोनियम आणि ढोलकी खिडकीकडे तोंड करून, त्यांच्या बाजूला काकू, आणि मागे भिंतीला लागून आम्ही दोन रांगांत. समोर फक्त खिडकी. खिडकीबाहेर कडुनिंब.

माझी जागा मागच्या रांगेत, फ्रिजच्या बाजूला. पाच-सहा वर्षांची असल्यापासून तीच.

त्या दिवसांचं सगळं मला अजून अंगावर आठवतं. परीक्षा नुकती संपलेली असायची. नव्या वर्षाची पुस्तकं आलेली असायची, आणि त्यांना खाकी कव्हर घालताना बोटांना लागलेला डिंक प्रॅक्टिस सुरू झाली तरी सुटत नसे. स्वयंपाकघरातून आईच्या कोथिंबीर भरलेल्या पुडाच्या वडीचा वास येई. कोथिंबिरीला आई सांबार म्हणते, आणि शाळेत मैत्रिणीला ‘सांबारची वडी’ सांगितल्यावर तिने इडलीचं सांबार समजून तोंड वाकडं केलं होतं. फ्रिज पाठीमागे गुरगुरायचा. समोर कोणा काकूची वेणी, तिला माळलेला गजरा, आणि त्यापलीकडून गाणं. शेवटची ओळ आली की आम्ही सगळे एकदम. छातीत काहीतरी हलायचं. ते हलणं म्हणजे गाणं आवडणं, असं मी वीस वर्षं धरून चालले होते.

पण त्या छातीत हलण्यात गाणं किती आणि वडी किती, याची वाटणी मी कधी केली नव्हती.

गेल्या मार्चमध्ये काकूंनी सांगितलं की त्यांच्या यजमानांची निवृत्ती झाली, क्वार्टर सोडायचा आहे, जयंती झाली की नागपूर. शिवाय गळा साथ देत नाही. यंदा लीड दुसऱ्या कोणीतरी घ्यावी. मग बाबा म्हणाले, ‘‘त्यात काय, आमची श्रावू आहे ना! लहानपणापासून ऐकतेय. एकेक शब्द पाठ आहे तिला.’’

‘‘चलो, प्रश्न मिटला,’’ वाघमारे काकांनी ढोलकीवर एक थाप मारली. ‘‘वहिनी, चहा आणा.’’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘पोरीला विचारा तरी.’’

‘‘घरच्या माणसाला काय विचारायचं?’’ बाबा हसले.

मी ओठ मिटून हसले. माझं पूर्ण नाव श्रावस्ती, वय सव्वीस, आणि गप्प राहणं ही माझी फार जुनी सवय. तिचा त्रास असा की लोक तिला आपल्या सोयीचा अर्थ देतात. त्या दिवशी तिचा अर्थ ‘हो’ असा लागला.

सोमवारी सकाळी चहा करताना मी सहज काकूंचं गाणं म्हणायला घेतलं. दरवर्षी कार्यक्रमाच्या शेवटी होणारं, सगळ्यांच्या ओळखीचं. ‘चला गं, उजेड पडला, चला!’ हे खणखणीत आलं. मग पुढे? पुढे नुसतं हूं हूं. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ‘चला गं’ आणि पुढे गुणगुणणं. चहा उतू गेला. वीस वर्षांत शेकडो वेळा गायलेल्या गाण्याचं एकही कडवं मला येत नव्हतं. मग दुसरं गाणं पाहिलं, तिसरं पाहिलं. प्रत्येकाची शेवटची ओळ पाठ, बाकी कोरं. बाबांना वाटत होतं एकेक शब्द पाठ आहे. मलाही तसंच वाटत होतं.

मला या गोष्टीची लाज वाटली, आणि लाज ओसरल्यावर राग आला. बाबांवर नाही, माझ्यावर. कारण ‘ही माझी गाणी आहेत’ असं मी कॉलेजात फार मोठ्याने सांगत असे.

त्याआधी शाळेत उलट होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मुलींची. आठवीत एकदा आम्ही तिघी-चौघी सरोजिनी नगरच्या बाजारात कानातले घेत होतो आणि मागच्या रस्त्याने जयंतीची मिरवणूक गेली. गाडीवर भोंगा, भोंग्यात ओळखीची चाल. बरोबरच्या मुलीने विचारलं, ‘‘यार, ये क्या बज रहा है?’’ मी म्हटलं, ‘‘पता नहीं.’’ आणि चांदीच्या रंगाचे झुमके कानाला लावून आरशात पाहिलं. आरशात मिरवणूक दिसत होती. भोंगा दूर जाईपर्यंत मी तो आरसा खाली ठेवला नाही.

कॉलेजात गेल्यावर मी त्याची भरपाई केली. तिथे घरच्या संगीताबद्दल बोलण्याला किंमत होती. कोणी विचारलं की मी सांगे, आमच्याकडे एप्रिलमध्ये अशी गाणी असतात, मला ती प्राणापेक्षा आवडतात. समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर दिसला की बरं वाटे. आज वाटतं, त्या दोन्ही वेळी मी गाणं ऐकतच नव्हते. एकदा नाकारताना आणि एकदा मिरवताना, माझं सगळं लक्ष माझ्याकडे पाहणाऱ्यांवर होतं. गाणं बिचारं मधल्यामध्ये.

म्हणून त्या सोमवारी मी ठरवलं. लीड घेईन किंवा घेणार नाही, पण आधी ही गाणी मला खरंच आवडतात का, ते शोधून काढायचं. आणि ‘हो’ म्हणायचं तर खरं ‘हो’. त्यासाठी माझ्याकडे एप्रिलच्या मध्यापर्यंत चार रविवार होते.

ऐकणं हे माझं कामच आहे, हे सांगायला हवं. मानेसरला गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरी करते. सकाळी ऑटोने धौला कुआं, तिथून कंपनीची बस. माझ्या विभागात एक बंद खोली आहे, भिंतींना स्पंज लावलेली. तिथे गिअरबॉक्स फिरवून त्याचा आवाज ऐकायचा. दाताला नखाएवढा पोचा असला तर खट् खट् येतं, दात नीट घासला गेला नसेल तर कुईं येतं. मशीन आलेख काढतं, पण शंका आली की माणसाचा कान लागतो. बरोबर असेल तर ओके, नसेल तर एनजी. मला हे काम दहिया जींनी शिकवलं. रोहतकचे, मिशावाले, निवृत्तीला टेकलेले. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक पीस ओके करत होते. ते म्हणाले, ‘‘मैडम, आँख बंद करो. आँख तो हर पीस को जान-पहचान वाला समझ लेती है.’’ दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, की जोडलेल्या गाडीत बसून गिअरचा आवाज तपासायचा नाही. तिथे इंजिन असतं, रस्ता असतो, तुम्ही कुठे चालला आहात त्याचा आनंद असतो. पीस काढा, एकटा फिरवा, मग ऐका.

मी तसंच करायचं ठरवलं. बाबांच्या फोनमध्ये जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग होती, ती घेतली. मानेसरच्या बसमध्ये खिडकीशी बसून हेडफोन लावले. एरवी त्या हेडफोनमध्ये दुसरं काहीतरी असतं. एक आवाज, एक गिटार, इंग्रजी, हळू. ती गाणी मी कधी कोणाला ऐकवत नाही, ती माझी खाजगी. पण न्यायाने वागायचं तर त्यांचीही तपासणी व्हायला हवी होती. म्हणून एक दिवस मी तीही डोळे मिटून ऐकली. त्यांतली निम्मी मला मुळीच आवडत नव्हती. शाळेतल्या मुली ऐकत म्हणून मी ऐकायला लागले होते आणि मग सवय झाली होती. ती मी त्याच दिवशी पुसून टाकली. फार हलकं वाटलं. कोणालाही न सांगता एवढी मोठी साफसफाई मी याआधी केली नव्हती.

जयंतीची गाणी मात्र बसमध्ये तपासता येईनात. रेकॉर्डिंग सुरू झालं की पहिल्या थापेबरोबर वडीचा वास यायचा. शेवटची ओळ जवळ आली की माझे ओठ आपोआप हलायचे, शेजारी बसलेली अकाउंट्समधली मुलगी बघायची. मी ऐकत नव्हते, माझी वेळ येण्याची वाट पाहत होते. पीस गाडीतून निघतच नव्हता.

मग मी बाबांची वही काढली. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. बाबांचं अक्षर सुरेख आहे. कडवी निळ्या शाईत, कोरसची ओळ लाल शाईत. लाल ते सगळं माझं, निळं ते सगळं अनोळखी. काकूंच्या गाण्याचं पहिलं कडवं असं होतं:

निघालो तेव्हा कुडाच्या घराला
कुलूप लावावं असं काही नव्हतं.
मागं वळून बघावं कोणासाठी,
अंगणात उभं तसं कोणी नव्हतं.

मी आईला विचारलं, ‘‘कूड म्हणजे काय?’’

आई भाजी निवडत होती. ‘‘काड्या-कामट्यांची भिंत असते ना, शेणामातीने लिंपलेली. तुझ्या बाबांचं घर तसंच होतं.’’ मग तिने मान वर केली. ‘‘तुला माहीत नव्हतं?’’

नव्हतं. बाबांनी नागपूरच्या हॉस्टेलच्या गोष्टी सांगितल्या होत्या, दिल्लीत आल्यावर पहिल्या थंडीत दोन पँट एकावर एक घातल्याची सांगितली होती. भिंतीची सांगितली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी मी सावध झाले. डोळ्यांत पाणी येणं म्हणजे गाणं आवडणं नव्हे. बाबांबद्दल वाटलेलं मी गाण्याच्या नावावर जमा करत होते. गाणं अजून ऐकायचंच होतं.

दुसऱ्या रविवारी सगळे जमले. दिवाण भिंतीला सरकवला होता, सतरंजी घातली होती. मी स्वयंपाकघरातून बसायला वेताचा मुढा आणला आणि खिडकीखाली, सगळ्यांच्या समोर ठेवला.

‘‘काकू, आज मी गाणार नाही. समोर बसणार आहे.’’

‘‘गळा बसला का वं?’’

‘‘नाही. ऐकायचं आहे मला.’’

‘‘ऐकायचं?’’ वाघमारे काकांनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. ‘‘आपल्यात ऐकणारं कोण असतं? अरे, हे तर ऑडिशन झालं! मॅडम, नंबर देणार का आम्हाला? मला पासिंगपुरते तरी द्या.’’

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ‘‘श्रावू, नाटकं पुरे. चलो, मागे उभी राहा.’’

‘‘नाही, बाबा.’’

त्या बैठकीत माझ्या तोंडून आलेला हा पहिला ‘नाही’ असावा. फार मोठा नव्हता, पण फ्रिजच्या गुरगुरण्यावर ऐकू गेला. काकूंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘‘बसू द्या की. खिडकीला तरी किती दिवस ऐकवायचं?’’

मी बसले. पंधरा-वीस ओळखीची माणसं पहिल्यांदाच मला समोरून दिसत होती. एरवी मला त्यांच्या वेण्या आणि कॉलर माहीत. मग दहिया जींचं आठवून मी डोळे मिटले.

पहिलं गाणं बाबांचं. म्हणजे शब्द बाबांचे, चाल एका जुन्या हिंदी सिनेमातली. असं पुष्कळ गाण्यांत असतं, आणि त्याची कारणं मला ठाऊक आहेत. सगळ्यांना येणारी चाल घेतली की गाणं दोन दिवसांत गावभर होतं. पण कान मिटत नाहीत. चाल सुरू झाली की सिनेमा यायचा, त्यातली बाग यायची, नायिकेची ओढणी यायची, आणि बाबांचे शब्द मागून धावत यायचे. ज्ञान, मान, शान, अभिमान. सुरात जागा दोन शब्दांची, बाबा तिथे चार भरत होते. हार्मोनियमचा एक सूर चिकटत होता. कोरस आला तो भिंत कोसळावी तसा. गाणं संपलं तेव्हा माझ्या मनात उत्तर तयार होतं, आणि ते मला नको होतं. एनजी.

दुसरं, तिसरं, चौथं. एक ठीक होतं, एक फार लांब. वाघमारे काकांची ढोलकी मात्र मला मनापासून आवडली, आणि हे त्यांना मी नंतर सांगितलंही. ते इतके लाजले की नंबर मागायचे विसरले. थाप पडण्याआधी ते तिला किंचित थांबवतात, जणू विचारतात, पडू का? मागच्या रांगेत हे कधी कळलं नव्हतं. तिथे ढोलकी नुसती पोटात वाजते.

शेवटी काकूंचं. त्यांनी ढोलकीला हाताने थांबवलं, बाबांनी एकच सूर धरून ठेवला. ‘निघालो तेव्हा कुडाच्या घराला...’ आवाज खरवडलेला होता. ‘घराला’नंतर त्यांना श्वास घ्यावा लागला, आणि त्या थांबण्यात खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. ‘काही नव्हतं’ हे त्यांनी वर नेलं नाही, रडवं केलं नाही. हातातली पिशवी जमिनीवर ठेवावी तसं ठेवलं. मी डोळे उघडले. मागे कोरसमध्ये आई वहीचं पान उलटत होती. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे देत होतं. कोणाच्या बांगड्या वाजल्या, कोणी कुजबुजलं, ‘‘गॅस बंद केला ना?’’ आणि फ्रिजच्या बाजूला माझी रिकामी जागा होती. मला कळलं की वीस वर्षं मी याच वेळी पाणी पीत होते. कडव्याच्या वेळी कोरसला कामं असतात.

मग ‘चला गं, उजेड पडला, चला!’ आलं. तीच ओळ, तोच आरडाओरडा. पण आता त्याच्या आधी एक दार होतं, ज्याला कुलूप लावावं असं काही नव्हतं.

मला रडू आलं नाही. मला ते पुन्हा ऐकावंसं वाटलं. आवडण्याची याहून खरी खूण मला माहीत नाही. मी म्हटलं, ‘‘काकू, परत एकदा म्हणाल?’’

‘‘प्रॅक्टिसमध्ये वन्स मोअर!’’ वाघमारे काका ओरडले. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं, मुलगी तयार झाली.

त्या दिवशी संध्याकाळी ते बाल्कनीत कूलरमध्ये नवं गवत भरत होते. मी बादली घेऊन उभी होते. ओल्या गवताचा वास, खाली मुलांचं क्रिकेट.

‘‘बाबा, काकूंचं गाणं मी गाईन.’’

‘‘मग! मी काय म्हणालो होतो?’’

‘‘फक्त तेवढंच. बाकीची लीडला नाही. तुमचंही नाही.’’

‘‘माझं का नाही?’’

‘‘मला आवडत नाही.’’

त्यांनी गवत दाबणं थांबवलं. ‘‘त्यात आवडण्याचा प्रश्न कुठे येतो? ही काय टाइमपासची गाणी आहेत? श्रावू, आम्ही आवडतात म्हणून नाही गायलो. ती नसती तर आम्ही कुठे असतो, माहिती आहे तुला?’’

‘‘माहीत आहे. म्हणूनच पुढे उभं राहून खोटं नाही गायचं मला. कोरसमध्ये आहेच की मी. तिथे मोठ्याने गाईन, दरवर्षी गाईन. तिथे ते सगळ्यांचं असतं. पुढे उभं राहिलं की ते माझं व्हायला हवं.’’

एवढं लांब वाक्य मी बाबांशी बोलल्याचं मला आठवत नाही. ते बराच वेळ कूलरची जाळी बसवत राहिले. ती आधीच बसली होती.

‘‘चाल वाईट आहे?’’

‘‘चाल दुसऱ्याची आहे.’’

‘‘आणि शब्द?’’

‘‘शब्द धावतात, बाबा. तुमची बस चुकणार असल्यासारखे.’’

त्यांनी माझ्या हातातून बादली घेतली आणि पाणी ओतलं. मग म्हणाले, ‘‘वाघमारेला नको सांगू हे. त्याला फार आवडतं ते गाणं.’’

पुढचे चार दिवस ते मला ‘मॅडम’ म्हणत होते. ‘‘मॅडमना विचारा, भाजीत मीठ ओके आहे का.’’ आईने दोनदा माझ्याकडे डोळे वटारले आणि एकदा, एकटी असताना, हसली. मी माघार घेतली नाही. मला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटणं आणि चुकणं यांतला फरक मला तोवर कळायला लागला होता. रोज बसमध्ये मी काकूंची कडवी म्हणत होते, हेडफोन न लावता, खिडकीकडे तोंड करून. शेजारच्या मुलीने शेवटी विचारलंच, ‘‘क्या गाती रहती हो?’’

मी सांगितलं. कोणत्या दिवसासाठी, कोणाची जयंती, ‘कुडाच्या घराला’ म्हणजे काय, सगळं हिंदीत समजावून. आरशाची मदत न घेता.

जयंतीच्या दिवशी पार्कात ऊन होतं आणि शामियान्याच्या निळ्या कापडातून सगळ्यांचे चेहरे निळसर दिसत होते. कडुनिंबाचा मोहर माईकवर, हार्मोनियमवर, वाघमारे काकांच्या टकलावर पडत होता. बाबांनी त्यांचं गाणं स्वतः गायलं. चाल तीच, शब्द तेच, धावणारे. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या, आणि मी कोरसमध्ये माझ्या जागेवरून शेवटची ओळ घसा फाडून म्हटली. माझं न आवडणं हा काही निकाल नव्हता. तो फक्त माझा होता, आणि तो माझ्याजवळ सुखरूप होता. बाबांनी एकदा मागे वळून पाहिलं. त्यांना बहुतेक माझा आवाज वेगळा ऐकू आला असावा.

मग मी पुढे आले. काकू स्टेजवर नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांना पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. नागपूरचं तिकीट तीन दिवसांवर होतं. मी वाघमारे काकांना हाताने थांबवलं, बाबांनी सूर धरला. तो चिकटणारा सूर त्यांनी या आठवड्यात कधीतरी दुरुस्त करून घेतला होता.

‘निघालो तेव्हा कुडाच्या घराला...’

माझ्या पाठीमागे बाटली पुढे गेली. बांगड्या वाजल्या. कोणीतरी कुजबुजलं. वळून न पाहता मला सगळं कळत होतं, आणि त्याचा राग आला नाही. मी तिथूनच आले होते. समोर मात्र काकू होत्या. पहिल्या ओळीला त्यांचे ओठ सवयीने हलले. दुसऱ्या ओळीला थांबले. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, लांबून कोणीतरी हाक मारत असावं तशी, आणि कोरस सुरू झाला तरी तशीच ठेवली.

गाणी संपल्यावर जेवणाच्या रांगेकडे गर्दी वळली. काकू खुर्चीतून उठल्या नव्हत्या. मी जवळ गेले.

‘‘काही चुकलं का, काकू?’’

‘‘नाही वं.’’ त्यांनी माझा हात धरून उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसल्या. ‘‘चांगलं आहे ना वं हे गाणं,’’ त्या म्हणाल्या, जसं काही ते कोणीतरी आजच नवीन आणलं होतं.